दोन विड्यांचा फरक

भंगारात निघालेल्या मागाचे अँगल
किलोच्या भावानं आणले,
अक्कलकोट रोडवरून, सायकलला आडवे बांधून.
इरण्णानं वेल्डिंगचे पैसे घेतले नाहीत,
म्हणाला, मासे बघायला येतो एकदा.
वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल,
थर्माकोलवर काचेची टाकी, दोन फुटी.
रंग मी दिला. निळा.
ब्रशचे केस अजून चिकटलेत त्याला.

नळ आला चौथ्या दिवशी, पहाटे साडेतीनला.
आधी प्यायचं, मग सांडायचं,
मग अक्षिताची टाकी.
पाणी जिथं थांबलं तिथं तिनं
स्केचपेननं रेघ ओढली, काचेवर, चारी बाजूंनी.
"एवढं आहे आपलं," म्हणाली.

राजेश्वरी सुपात पानं कापत होती.
कात्री थांबली.
"डावीकडं वाकलंय."
मी म्हटलं, तुझ्या डोळ्याला वाटतं.
ती उठली, पाण्याच्या वरच्या काचेला
एक विडी आडवी धरली, तिच्यावर दुसरी.
"दोन विड्यांचा फरक. या, मोजा की."

अठरा वर्षं मी टॉवेलचे माग बसवले.
पायाखाली चकती सारायची,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा,
नाहीतर काठ तिरका उतरतो
आणि व्यापारी गठ्ठा परत पाठवतो.
ती पाणसळ आता कारखान्यात,
कारखाना कुलपात,
आणि कुलूप कुणाचं ते कोर्टात.

पहिल्यांदा वहीचा पुठ्ठा घातला. भिजून लगदा झाला.
राजेश्वरी म्हणाली, कडक भाकरी घाला,
आणि खरंच तुकडा आणून दिला.
जाडी बरोब्बर होती.
तिघंही पोट धरून हसलो.
संध्याकाळी मुंग्या आल्या.

मग इरण्णाला मनातल्या मनात शिव्या दिल्या,
दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला,
चारी पाय टेपानं मोजले.
एका मापाचे. सुताचाही फरक नाही.
शिव्या परत घेतल्या.
वाकडी होती ती घरकुलाची फरशी:
ठेकेदारानं मोरीपुरता द्यायचा उतार
खोलीभर दिलेला.
नऊ वर्षं झोपतोय आम्ही त्यावर.
अक्षिताचा चेंडू रोज त्याच कोपऱ्यात सापडायचा,
आम्ही म्हणायचो, चेंडू शहाणा आहे.

भरलेली टाकी साठ किलोची, उचलणार कोण?
रिकामी करायची, तर नळाला अजून दोन दिवस.
थेंब सांडला तर राजेश्वरी घरात घेणार नाही.
नळी तोंडानं ओढली, शेवाळाची चव आली.
दोन बादल्या, घागर, हंडा, कुकर,
पिठाचा डबा पीठ काढून,
माझा जेवणाचा डबासुद्धा, जो आता कुठं जात नाही.
सहा गप्पी स्टीलच्या पातेल्यात.
वीज गेली तेव्हा मेणबत्तीत बघितलं:
खोलीभर पाणी, इतक्या तुकड्यांत,
आणि प्रत्येक भांड्याचा मोरीकडचा काठ
जरा जास्त ओला.

बिस्किटाच्या डब्यात चकत्या होत्या,
शेवटच्या पाळीला खिशात राहून गेलेल्या.
राहून गेलेल्या, असं मी म्हणतो.
पुढच्या पायाखाली तीन,
मागच्या पायाखाली तीन, डुगडुगला, चार.
हाताच्या तळव्यानं दाबून बघितलं,
माग बघायचो तसं, डोळे मिटून.
हलला नाही.

पाणी परत भरलं, तांब्यातांब्यानं.
ते सपाट थांबलं
आणि अक्षिताची रेघ तिरकी झाली,
डावीकडं पाण्याच्या वर, उजवीकडं पाण्यात.
मी ओला फडका घेऊन गेलो.
तिनं मनगट धरलं.
"पुसू नका. मी काढली तेव्हा बरोबर होती."

रविवारी इरण्णा आला,
वाकून मासे बघितले, वेल्डिंग बघितलं,
बोट काचेवर फिरवत म्हणाला,
"ही रेघ का हो अशी?"
मी तोंड उघडायच्या आत
सुपातून मान वर न करता
राजेश्वरी म्हणाली,
"दोन विड्या."