रीडिंग : भाऊसिंगजी रोड

टाऊन हॉलपासून सुरू करतो.
ऊन चढायच्या आत उजवी बाजू,
चहा झाला की डावी.
एकतीस वर्षं हाच रस्ता,
पण तोंडावरून विचाराल तर नीट सांगता यायचा नाही.
मला तो जिन्याखालून ठाऊक.

तोंड काय, बदलत राहतं.
एकाच गाळ्यात शिलाई मशीनचे सुटे भाग,
मग कॅसेटी, मग एसटीडी, मग मोबाईलची कव्हरं,
आता काचेमागं गार हवा
आणि मला 'सर' म्हणणारी एक पोरगी.
मान वर केली तर गिलाव्यातला मोर आहे अजून,
चोच तेवढी गेली.
मोराखाली बांधल्याचं साल.
फ्लेक्सनं शेवटचे दोन आकडे झाकलेत,
१९ तेवढं दिसतं.
कायमची एकोणीस वर्षांची इमारत.

जिन्याखाली मात्र
तीच काळी फळी, तेच चिनी मातीचे फ्यूज,
पालीची तीच जागा, पाल दुसरी असेल.
बॅटरी मारायची, आकडा टिपायचा,
बिलावरचं नाव : गणपतराव यशवंत तिवले.
तिवले वारले त्याला सव्वीस वर्षं झाली.
त्यांच्या नावावर आता लिफ्ट चढते,
तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांची खुर्ची मागं कलते.
"नाव बदलायचं ऱ्हायलंच बघा," नातू म्हणतो,
आणि चहा सांगतो.
पलीकडं हुसेनबी दाऊद शिकलगार.
कात्र्या, अडकित्ते, वस्तऱ्यांना धार,
ठिणग्या पार रस्त्यापर्यंत यायच्या.
आता तिथं केक मिळतात.
सुरी लागतेच म्हणा.

माझ्या मोजदादीनं या रस्त्यावर
एकशे बारा मेलेली माणसं
मुदतीच्या आत बिल भरतात.
जिवंतांचं तेवढं थकतं.

चंद्रहास टॉकीजचं कार्यालय झालं, लग्नाचं.
मेन स्विचच्या खोलीत भिंतीला
प्रोजेक्टरचं चौकोनी भोक आहे अजून.
मी एकदा डोळा लावून बघितलं :
पडद्याच्या जागी स्टेज,
स्टेजवर नवरा-नवरी,
आणि खाली सगळे जेवणाच्या रांगेत.
इंटरव्हल.

मार्चात मुळीक बिल्डिंगपाशी आलो
तर बिल्डिंग नव्हती.
पत्रे मारलेले, पत्र्यांवर पुढं होणाऱ्या इमारतीचं चित्र,
चित्रात पाम, गोरी माणसं, धूळ नाही.
फटीतून आत गेलो.
शेजारच्या भिंतीवर मुळिकांचं घर उमटलेलं,
एक खोली निळी, वरची गुलाबी,
काजळी धरलेला कोनाडा,
आणि जिन्याची रेघ, तिरकी,
दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन थांबलेली.
या रस्त्यात एवढं आभाळ होतं
हे मला एकतीस वर्षांत कळलं नव्हतं.
बरं वाटलं, खरं सांगतो.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

"मीटर हाय की सायेब, त्या बांबूला,"
वॉचमन बोलला. सुरपुरकडचा, नवीन.
बांबूला मीटर, मीटरवर दुधाच्या पिशवीची टोपी,
त्यातून एक वायर त्याच्या बल्बला,
एक मोबाईलला.
ग्राहक : बाबूराव कृष्णाजी मुळीक.
चकती फिरत होती.

मी सवयीनं वाकलो.
वर जिना नव्हता,
तरी वाकलो, तरी उठताना डोकं सांभाळलं.
वॉचमन हसला.
अकरा युनिट.

मशीननं शेरा मागितला.
पर्याय तीनच देतं ते :
कुलूप बंद. जागा रिकामी. मीटर चालू.
पुढच्या वर्षी नवीन मीटर बसणार,
ते आपलं आपणच कळवणार, माणूस नको म्हणे.
तेव्हा बाबूराव परस्पर बोलतील ऑफिसशी.

वॉचमननं दगडावर स्टोव्ह पेटवला,
"घोटभर घ्या," म्हणाला.
पहिल्यांदाच या पत्त्यावर
उभ्यानं चहा प्यायलो.
मग 'चालू' दाबलं
आणि डावी बाजू धरली.