इंत्रुजाचं माप

मळारच्या धक्क्यापासून तिसरं घर माझं.
पाटी नाही. मशीनचा आवाज ऐकत येतात लोक.
वर्षभर शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट, पडद्यांच्या दुमडी;
इंत्रूज जवळ आला की मात्र
मिशीवाले बाप्ये रांगेत उभे राहतात
छातीचं माप द्यायला.
"मेस्ता, हांगा मातशें फुगय."
मी करवंट्या बेतून कापड कापतो.
हसत नाही. हसलं की माप चुकतं.

तीन दिवस कुणाचीच गय नाही.
फेरीतून उतरणाऱ्याला पिठाची पुडी बसते,
मग तो रेंदेर असो की बँकेचा साहेब.
चुडतं पेटवून घुमटं शेकतात,
भाटकाराची टिंगल भाटकाराच्याच अंगणात,
आणि शेवटी पैसे, फेणी, तीही त्याचीच.

इनास दरसाल नवरी व्हायचा.
नऊ महिने बोटीच्या पोटात तेल पुसणारा माणूस,
रजा मागायचा ती याच दिवसांची.
निळं सॅटिन. कंबर छत्तीस.

एका साली खिशातून घंटा काढली त्यानं,
बकरीच्या गळ्यातली, पितळी.
म्हणाला, ग्रीसकडे एक बेट आहे,
आपल्या दिवाडीहून मोठं, नुसता खडक.
तिथंही हेच दिवस असतात, उपासाआधीचे.
गडी केसाळ कातडी पांघरतात,
तोंडावर करडाचं कातडं,
कमरेला चाळीस-पन्नास घंटा,
आणि चढावर धावत सुटतात.
कोण दमला ते घंटाच सांगतात.
बरोबर एक जण बाईच्या वेषात नाचत असतो.
"म्हणजे मीच तो, मेस्ता. तिथंही मीच."
ही एवढी एकच मिळाली मला,
झग्याच्या घेरात आतून शिव.
शिवली. दुहेरी दोऱ्यानं.

ऑगस्टात कंपनीचं पत्र आलं.
मग पेटी. आत कपडे, दाढीचं सामान.
इनास नाही.

जानेवारी संपता संपता एस्पेरांस आली,
काळ्या कपड्यांत, काळी छत्री,
पिशवीतून झगा काढून टेबलावर ठेवला.
"कंबर अठ्ठावीस," म्हणाली.
कुणाची, ते मी विचारलं नाही.
आमच्या खेळात बायका नसतात,
बाईचं सोंग बाप्यानंच घ्यायचं;
आणि विधवेनं तर वर्षभर
खिडकीसुद्धा अर्धीच उघडायची.
टेप तिच्या हातात दिली,
मी खाजनाकडे तोंड करून उभा राहिलो.
मानशीतून ओहोटीचं पाणी धावत होतं.
ती आकडे सांगत गेली.

उरलेलं कापड मी कापलं नाही.
आत दुमडून टाचलं.
शिंप्याची खोड. माणूस पुन्हा भरेल, म्हणून.

मंगळवारी तिन्हीसांजेला खेळ वरच्या वाड्यावर आला.
नवरी मुखवट्यात. बोलेना.
"कोण रे हा? पावलूचा धाकटा?"
"हात बघ किती बारीक!"
एकानं अंडं फोडलं तिच्या खांद्यावर,
पोरांनी पीठ उधळलं,
ती गिरकी घेत राहिली, आणि घेरात
ती वाजली.
कोनेटवाल्या जुझेचा सूर मध्येच तुटला.
त्यानं ओठ पुसले, पुन्हा फुंकर घातली.

बल्कांवात रोझालीन बसली होती, इनासची आई,
डोळे गेलेत तिचे, चार वर्षं झाली.
मान आवाजाकडे वळवून
दरसाल ओरडायची तसं ओरडली:
"झगो वयर धर रे, चिखल लागतलो!"

अंगण गप्प.
नवरीनं दोन्ही हातांनी
झगा उचलून धरला,
घोट्यापर्यंत.

बुधवारी मिसेहून ती सरळ इकडेच आली.
कपाळाला राख, हातात तीच पिशवी.
"शिवणावळ?"
"पुढच्या वर्षी."
"छत्तीस कर परत," म्हणाली,
आणि फेरीचा भोंगा वाजला म्हणून घाईनं गेली.

उसवायला घेतला, तर दुमडीतून
कालचं पीठ सांडलं मशीनवर.
लगेच पुसलं नाही.
दारात केव्हाचा एक पोरगा उभा होता,
चड्डीचं तुटलेलं बटण मुठीत धरून.