तोळामासा

मंगळवारी दहा वाजता
डंडीतल्या चर्चमागच्या हॉलमध्ये बाळं तोलतात.
कोट, टोपी, बंडी, डायपर,
एकेक आई एकेक बाळ सोलून काढते
आणि ठेवते कागद अंथरलेल्या थंडगार परातीत.
नदीवरचं वारं दाराच्या फटीतून आत येतं.

माझे बाबा कराडचे सराफ.
त्यांचा तराजू काचेच्या पेटीत असायचा.
सोनं पारड्यात ठेवायच्या आधी ते पंखा बंद करायचे,
मग श्वास.
मी गल्ल्यापाशी बसून गुंजा मोजायची,
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा,
शाळेतल्या पाढ्यांआधी मला हे पाढे आले.
इथे मीही श्वास धरते.
हेल्थ व्हिजिटर इशबेल म्हणते, "हलू नकोस हं, राणी,"
कुणाला, ते कळत नाही.

नाव ठेवलं शाल्मली. केवढं झाड!
आणि लेक सावरीच्या कापसाएवढी,
फुंकर मारली तर टे नदीपार जाईल.
लाल वहीत वाढीच्या नऊ रेघा आहेत,
तिचा ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली,
आत या म्हणायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखा
पायरीवर बसलेला.

गाईचं दूध नाही.
म्हणजे तूप नाही. हे कळायला मला एक रात्र लागली.
अंडं नाही.
आणि संक्रांतीनंतर बोरन्हाण केलं,
काळं झबलं, आईनं पोस्टानं पाठवलेले हलव्याचे दागिने,
सराफाच्या नातीचा पहिला हार साखरेचा!
फोटो काढेस्तोवर गळाभर गांधी उठल्या.
एक दाणा तिनं चोखला होता.
ओठ सुजत चाललेले, अ‍ॅम्ब्युलन्समधला पोरगा विचारतोय काय खाल्लं,
आणि मला तिळाचं इंग्रजी नाव आठवेना.

आई फोनवर म्हणते, "वाढेल गं, तिळातिळानं वाढेल."
मी गप्प.
मग तीच म्हणते, "बरं, तांदळातांदळानं."

डब्यातल्या दुधाला वास येतो
बटाट्याच्या पाण्यात खिळे उकळल्यासारखा.
आधी मी चाखलं, मग यदुनं, मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
अकरा दिवस तिनं तोंड फिरवलं.
बाराव्या दिवशी नाचणीच्या सत्त्वात लपवून दिलं, चार चमचे गेले.
डायटिशियन म्हणाली, प्रत्येक जेवणात चमचाभर तेल.
मऊ भात, मुगाचं वरण,
तुपाची धार पडायची त्या जागी पिवळं परकं तेल.
यदु दुकानात उकिडवा बसतो,
पाकिटांवरची ठळक अक्षरं पोथीसारखी वाचतो
आणि पाकीट परत ठेवतो.

भिशीतल्या बायका म्हणतात, तोळामासा प्रकृती दिसते हो.
एक म्हणाली, खायला घालतेस ना नीट?
मी हसले. घरी येऊन सिंक घासलं, दोनदा.
यांनी कधी तोळा पाहिलाय?
आमच्या दुकानात एका तोळ्यासाठी
सुताराची बायको वर्षभर पैसे आणून द्यायची,
रुमालाच्या गाठीत,
आणि शेवटी हातात मिळालं की
मूठ उघडायची नाही घरी पोचेपर्यंत.

आज काट्यावरचे आकडे थरथरले,
खाली गेले, वर आले, थांबले.
इशबेलनं चष्मा लावून पुन्हा पाहिलं.
आठवड्यात सत्तर ग्रॅम.

मी तिथूनच फोन लावला, एका हातात उघडी पोर.
"बाबा, सहा तोळे."
ते क्षणभर थांबले. मग सवयीनं,
"निव्वळ?"
"निव्वळ. डायपर वजा करून."
पलीकडे पंख्याचा आवाज बंद झाला.

इकडे शाल्मलीनं त्यातले दोन मासे
माझ्या खांद्यावर परत केले.