पाऊणपट

मेल आली तेव्हा मी महापेला, चौथ्या मजल्यावर
डब्याचं झाकण काढत होते.
विषय: विकसकांच्या साधनांमधील आगामी बदल.
आगामी म्हणजे एकतीस तारखेला, रात्री बारा वाजता.
कुठल्या देशातले बारा, ते लिहिलेलं नव्हतं.

आवृत्ती दोन निवृत्त होत आहे.
जणू शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवणार.
तिसरीत चावी नवी, परवानग्या नव्या,
आणि आपण होऊन बोलणाऱ्या प्रोग्रामला
आता कंपनीची नोंदणी लागेल
आणि दरमहा इतके डॉलर,
की बाबांची होडी दोनदा रंगवून होईल.

माझा प्रोग्राम एकशे बारा ओळींचा.
आठ वर्षं पहाटे साडेतीनला उठतो,
दिवाळ्याच्या जेट्टीवरचं पाणी मोजतो
आणि त्या जगभराच्या चव्हाट्यावर
एक ओळ टाकून परत झोपतो:
आज भरती १२.२०. उधाण. जपून.
ना फोटो, ना शुभ सकाळ.

तीनशे एकोणीस माणसं ती ओळ वाचतात.
निम्मी होड्यांवर.
एक दमयंतीकाकू, निवट्या विकतात,
वाचता येत नाही, आकडा ओळखून अंगठा दाबतात.
बाकी दुर्बीणवाले, नेरुळचे, सीवूड्सचे,
ज्यांना पाणी चढताना
फ्लेमिंगो काठाकडे सरकलेले हवे असतात.

मेलमध्ये एक शब्द तीनदा होता.
स्थलांतराची मार्गदर्शिका.
स्थलांतराची मुदत.
स्थलांतर न केल्यास.

रात्री बाबांना वाचून दाखवलं.
ते जाळं सांधत होते, सुई दातात धरून.
"कागद कुठं हाय?"
म्हटलं, कागद नसतो, मेल असते.
"आमाला कागद तरी दिलता."

ते तेव्हा सातवीत. आळीत वाचता येणारे तेच,
म्हणून खाचरांची नोटीस त्यांनीच मोठ्याने वाचली,
सर्व्हे नंबर, गुंठे, मुदत,
कवितेसारखी, न अडखळता,
आणि गुरुजींनी शिकवलेलं म्हणून
प्रत्येक पूर्णविरामाला थांबले.
साडेबारा टक्क्यांची फाईल
अजून लोखंडी कपाटात आहे, डांबरगोळ्यांच्या वासाची.

मी म्हटलं, बाबा, ही तुलना बरोबर नाही.
ती जमीन होती.
ही दुसऱ्याच्या भिंतीवर लिहायची मुभा.
"हा," ते म्हणाले, "मंग जेव."

तरी मी फॉर्म भरला.
आपल्या उत्पादनाचा उद्देश? किमान अडीचशे अक्षरे.
लिहिलं: पाणी कधी येतं ते सांगणे
खाली लाल ओळ उमटली,
आणखी दोनशे सत्तावीस हवीत.
मी खूप वेळ बसले.
पाणी याहून लांब येत नाही.

एकतीसला बाबांनी विचारलं, "आज तिथी कंची?"
एकादशी.
"अकराचे पाऊणपट?"
मी फोनकडे हात नेला, त्यांनी बोटांची पेरं पुढे केली.
सव्वाआठ.
"झाली तुजी भरती."
एकशे बारा ओळी मी
एका गुणाकारासाठी लिहिल्या होत्या, हे मला
माहीत होतं आणि नव्हतंही.
माझे आकडे मिनिटाला खरे असतात, त्यांचे घटकाभर इकडेतिकडे,
यावर आमचं थोडं भांडण झालं.

शेवटची ओळ मी हाताने टाकली:
उद्यापासून इथे भरती येणार नाही.
तिथी बघा, पाऊणपट करा.
काकूंचा अंगठा आला, आकडा नसतानाही.
एका दुर्बीणवाल्याने विचारलं,
तिथी कुठल्या ॲपवर दिसते?

पहाटे साडेतीनला प्रोग्राम उठला.
त्याला थांबवायचं मी विसरले होते,
किंवा विसरले नव्हते.
त्याने दार ठोठावलं. आतून आकडा आला:
चारशे दहा.
आमच्या धंद्यात याचा अर्थ,
इथे होतं, आता नाही, पुन्हा विचारू नका.
त्याने तो नोंदवला आणि झोपला.

द्वादशी होती.
पाणी नऊला आलं.
बरं, सव्वानऊ.