साडेबारा चौकोन

मुलीची जुनी कंपासपेटी दवाखान्याच्या खणात असते.
डिव्हायडर काढतो.
एक टोक क्यूच्या पायथ्याशी,
दुसरं, टीची टेकडी उतरून जिथे रेघ पुन्हा सपाट होते तिथे.
टोकं न हलवता मोजतो बारीक चौकोन :
नऊ, दहा, साडेदहा.
मग नाडीच्या वेगाचा हिशेब, पाठच्या कागदावर, पेन्सिलीने.
बाहेर बाकावरून कुणीतरी,
'डाक्टर चित्र काढी ऱ्हायना का रे?'

काढतोय.
बारा दिसले की पेन खाली ठेवतो.
साडेबारा एकदा पाहिले आहेत,
तेही उशिरा.

ठगूबाई कोळी, तापीकाठची,
पॅकिंगच्या शेडमध्ये तुरटीच्या पाण्यात
केळीच्या फण्या धुणारी.
मे महिना, चोपड्यात शेहेचाळीस,
तीन दिवस जुलाब, वर उलट्या.
मी जीभ पाहिली, पोट दाबलं,
उलटीला एक लिहिली, जुलाबाला एक,
दोन्ही रोजच्या. डोळे मिटून लिहाव्यात अशा.
तिसरी तिच्या पिशवीत होती,
धुळ्याच्या डॉक्टरची, अर्धी तोडलेली,
रात्री कानाशी कुणी बोलू नये म्हणून.
तिने दाखवली नाही.
दुसरी कुठली गोळी चालू आहे का?
सहा शब्द.
बाहेर चाळीस माणसं होती.

दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कामावर गेली
आणि हौदाच्या काठावर पडली.
रिक्षातून आणली तेव्हा डोळे उघडे.
पट्टीवर लाटा नव्हत्याच,
सोपटाचा दोर कुणी मांडीवर वळावा
तशी टोकं पीळ घेत होती,
जाड, मग बारीक, बारीक, मग पुन्हा जाड.
इतकं सुबक काही मी त्या मशीनमधून
निघताना पाहिलं नव्हतं.
मॅग्नेशियम शिरेत. शॉक. पुन्हा शॉक.
पोटॅशियम दोन पॉइंट सहा,
दिवसभर केळीत हात असलेल्या बाईचं.

शुद्धीवर आली. गाव म्हणालं, ऊन लागनं.
भाऊ म्हणाला, ऊन लागनं.
मीही मान हलवली.
कागद माझ्या टेबलावर होता,
अक्षर माझं, तारीख माझी,
आणि खोलीत ते वाचता येणारा मी एकटा.

तेव्हापासून दर वर्षी ती एक फणी आणून ठेवते,
बाकावरच्या सगळ्यांना सांगते,
'मन्हा जीव वाचाडा डाक्टरनी.'
चार वर्षं मी ती केळी खाल्ली.
पाचव्या वर्षी दार लोटून घेतलं
आणि सांगितलं. सगळं, गोळ्यांच्या नावांसकट.
ती बराच वेळ फणीवरचं एक काळं केळं
नखाने खरवडत राहिली.
मग म्हणाली, 'मंग आते इचारस ना?'
विचारतो, म्हटलं.
'मंग इचार,' म्हणाली, आणि चप्पल शोधू लागली.
पुढच्या वर्षी केळी आली नाहीत.
त्याच्या पुढच्या वर्षी आली.

मेडिकलवरून योगराजचा फोन येतो हल्ली,
'सर, ही बुरशीची आणि ही मळमळीची,
आजीला दोन्ही एकत्र देऊ?'
पूर्वी म्हणायचो, डॉक्टर तू की मी.
आता म्हणतो, थांब,
आजीला परत पाठव, पिशवीसकट.

आजी येते, पुटपुटत.
पिशवी उलटी करा, आजी, टेबलावर.
चुन्याची डबी. एसटीचं तिकीट. आधार कार्ड.
भगताचा काळा दोरा.
चार शेंगदाणे.
आणि कागदाच्या पुडीत,
नाव नसलेली,
नीट अर्धी तोडलेली एक पांढरी.

ही कशाची, आजी?