बेदाण्याची खोकी

मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी
कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरला विचारून
बेदाण्याची सतरा रिकामी खोकी
एम-एटीवर बांधून मी सांगलीवाडीला निघालो.
आयर्विनवर वारं सुटलं,
एक उडालं, कठड्यावरून नदीत.
सोळा पोचली.
"एक तुटीत धरा," सन्मती म्हणाली.
दहा वर्षांची आहे आणि मार्केट यार्डातल्या
कुठल्याही दिवाणजीपेक्षा कडक.

उद्योग सगळा तिचाच.
निपाणीची आत्ती दोन पोरं सोडून गेली,
चंदन आणि पिंटी,
आणि तिसऱ्याच दिवशी "आता काय करू" सुरू झालं
तेव्हा हिनं वहीच्या मागच्या पानावर
घराचा नकाशा काढला,
कपाट, माळा, कॉटखालचा अंधारसुद्धा,
आणि वर लिहिलं : घर लावणे.

त्रिशलानं कणकेची खळ शिजवली.
जुन्या गाऊनचं फुलाफुलांचं कापड
खोक्यांना चढलं, कोपऱ्यात सुरकुत्या राहिल्या.
लेबलांना लग्नपत्रिकांची मागची बाजू,
त्यामुळं खिळ्यांच्या खोक्यावर अजून
कुणाचातरी सोनेरी अर्धा स्वस्तिक आहे.
अक्षर पिंटीचं :
बटणं.
मेलेले सेल.
बहुतेक जिवंत सेल.
चाव्या ज्यांची कुलपं नाहीत.
कुलपं ज्यांच्या चाव्या नाहीत.
मी म्हटलं, ही दोन एकत्र करून बघा की.
बघितलं. एक लागली!
कशाचं कुलूप ते कुणालाच आठवेना
पण भडंगाची परात मधे ठेवून
तासभर त्याचीच चर्चा.

सकाळी मात्र खोकी नाहीत, घाट.
चंदनच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा,
झाकण मेणानं बंद, कासरा छातीवरून.
"मामा, डबाच बुडला तर?"
"बुडत नाही."
"पण बुडला तर?"
बंधाऱ्यानं अडवलेलं हिरवट कोमट पाणी
तो मांजरानं दूध चाखावं तसं पायानं चाखायचा.
सहाव्या दिवशी चार हात मारले त्यानं.
पाचवा मारायच्या आधी आनंदानं तोंड उघडलं,
मग खोकला.

खोकी वाळली. आता कुठं ठेवायची?
सन्मतीनं नकाशा काढला, मोजपट्टी काढली
आणि भिंतीवरच्या रेघेशी जाऊन उभी राहिली.
तपकिरी रेघ. दोनदा रंग दिला, तरी येते.
"ही कशाची?" चंदननं विचारलं.
"पाण्याची."
"कुठल्या?"
"सकाळच्याच की."
तो हसायला लागला.
मग माझ्याकडं बघितलं, मामीकडं बघितलं,
कुणी हसेना तेव्हा
रेघेपर्यंत हात पोचतो का बघितलं त्यानं. नाही पोचला.

"पुठ्ठा आहे," त्रिशला म्हणाली, "लगदा होईल त्याचा."
"म्हणून तर वर," सन्मती.
मग घराची वाटणी झाली, रेघेच्या वर आणि खाली.
स्टीलची भांडी खाली, धुतली की झालं.
शिलाई मशीन खाली, तिला कोण उचलणार,
त्यावर त्रिशला काही बोलली नाही.
दाखले, रेशनकार्ड, फोटो वर.
पिंटीनं हट्ट करून
चिंचोक्यांचं खोकं रेशनकार्डाशेजारी लावलं.
राहिलं एक, त्यावर लेबल : बाबांचं.
आत बंद पडलेलं घड्याळ, कॅरमचा स्ट्रायकर,
आयटीआयचं ओळखपत्र, त्यात मला मिशी नाही.
"वर का खाली?"
खाली चालेल, मी म्हटलं.
सन्मतीनं वहीत तसं लिहून घेतलं.
संध्याकाळी बघतो तर ते माळ्यावर होतं
आणि स्टूल जागेवर नव्हतं.

रविवारी आत्ती न्यायला आली.
चंदन दारात डबा घट्ट धरून उभा.
"निपाणीत कुठं बुडणार आहेस तू?" सन्मती म्हणाली,
डबा काढून घेतला,
आणि बरोब्बर रेघेवरच एक खिळा ठोकून
कासऱ्यासकट टांगला.
"याला कुठंही चालतं," असं काहीतरी पुटपुटली
आणि खिळ्यांचं खोकं जागेवर ठेवायला गेली.