खिळा

भाडेकरार अकरा महिन्यांचा.
कलम नववे: भिंतींना खिळे ठोकणार नाही.
सही करताना नंदन दर वेळी तेच म्हणतो,
आधी हातोडी कुठल्या खोक्यात आहे ते तरी कळू दे.
एजंट हसतो.
हसण्याची दलाली वेगळी लावत नाही, एवढं बरं.

हे सहावं घर.
मुलुंड, भांडुप, परत मुलुंड, टिळकनगर,
एक वर्ष घाटकोपरला पिठाच्या गिरणीवर,
सगळे कपडे ज्वारीचे झाले होते तेव्हा,
आणि आता कन्नमवार नगर, तिसरा मजला.
लिफ्ट नाही म्हणून भाडं दीड हजाराने कमी,
हमालांनी तेवढेच जास्त घेतले.

सासऱ्यांना पतपेढीने दिलेलं घड्याळ
पाच घरं फ्रिजवर राहिलं,
भिंतीला टेकून, थोडं मागे रेलून,
जेवण झाल्यावर माणूस बसतो तसं.
घसरू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी.
पुठ्ठाही पाच घरं हिंडलाय.

इथे मात्र आधीच एक खिळा होता.
हॉलमध्ये, पंख्याच्या बटणांवर हातभर,
भोवती फिकट चौकोन.
कुणाचं काय टांगलेलं होतं
घरमालकीण बाईंना सांगता आलं नाही.
"असू दे तो," म्हणाल्या, "उपटलात तर पोपडा निघेल."
म्हणजे परवानगीच.
रेवतीने स्टुलावर चढून घड्याळ टांगलं,
आम्ही दोघं खाली, हात वर करून,
घड्याळ पडेल की पोरगी, काय आधी झेलायचं ते न ठरवता.
गोल घड्याळ चौकोनात बसलं नाही,
तरी टाळ्या वाजल्या.

मग आठवडाभर घरात वेळ कुणालाच कळेना.
दूध उतू जाताना माझी मान दारातून फ्रिजकडे,
(तो हॉलमध्येच, आत मावत नाही)
बूट घालताना नंदनची फ्रिजकडे,
रेवतीची शाळेची रिक्षा दोनदा चुकली.
फ्रिजवर तेव्हा फक्त कांद्यांची टोपली होती.
आम्ही टोपलीकडे बघून घाई करायचो.

बाकीचं शिकणं चालू होतं.
पाणी पाच दहाला येतं, त्याआधी नळ खोकतो.
बाथरूमची कडी वर ढकलून मग डावीकडे.
खाली कोयंडे काका सुकट भाजायला लागले
की खिडकी नव्हे, दार लावायचं,
आणि थोड्या वेळाने उघडायचं,
कारण वाटी येते.
आधार कार्डावर अजून टिळकनगरच आहे.
बँकेची पाकिटं तिथेच जातात
आणि तिथल्या डिसिल्वा बाई फोन करतात,
"आलंय तुमचं. फोडू, की येताय?"
आम्ही जातो. तिघंही.
एका पाकिटाला तीन माणसं कशाला लागतात
हे त्याही विचारत नाहीत, चहा टाकतात.

रविवारी रात्री लाइट गेली.
पाणी प्यायला उठले तर
हात आपोआप फ्रिजच्या माथ्यावर गेला,
टोपलीखालचा पुठ्ठा लागला,
मऊ पडलेला, चार घड्यांचा.
काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ठरवलं असं काहीच नाही.
स्टूल ओढल्याचा आवाज झाला.
आतून नंदन, "पाडशील."
"धर मग."
धरलं त्याने, काय ते न विचारता.
टोपली खाली, घड्याळ पुठ्ठ्यावर,
भिंतीला टेकून, रेलून.

लाइट आली, पंखा फिरायला लागला.
रेवतीने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना
अर्धा डोळा उघडला.
"पावणेतीनच," म्हणाली
आणि चादर ओढून घेतली.

खिळ्याला आता किल्ल्या असतात.
त्या आम्ही रोज शोधतो.